दादाच्या नावाचा कोला

अल कुसैस, दुबई
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

उल्हासदादा,

'तीर्थस्वरूप' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच दादा. साष्टांग नमस्कारही या पत्रात शोधू नकोस, सापडणार नाही.

तू मला व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस. फोन केला तर सुलक्षणावहिनी म्हणते, "ते मीटिंगमध्ये आहेत गं," आणि मागे टीव्हीवरच्या बातम्या मला इकडे ऐकू येतात. माझ्या घरापासून तुझं शारजाच्या हमरिया फ्री झोनमधलं ऑफिस गाडीने पाऊण तासावर. तरी सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र घालायची वेळ आली. तुझ्या कंपनीचा पोस्ट बॉक्स नंबर एका जुन्या लेटरहेडवर मिळाला. टपाल काढायला अजून वासुदेवच जातो ना? तू पाकीट न फोडता टाकून दिलंस, तर त्याने खुशाल फोडावं. निदान कुणीतरी वाचेल.

मुद्द्याचं सांगते. शनिवारी, १८ तारखेला, संध्याकाळी पाचला केनेचे काका माझ्याकडे येणार आहेत. केने म्हणजे केनेचुक्वू, ज्याला तू दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर 'केळं' म्हणालास आणि स्वतःच हसलास. माझी अस्मी ताटावरून उठून गेली तरी तुझं हसणं चालूच. ती दोघं एका कंपनीत तीन वर्षं कामाला आहेत, एकमेकांना पसंत आहेत, आणि लग्न करणार आहेत. हे मी तुला विचारत नाहीये, सांगते आहे.

त्यांच्यात लग्नाआधी मुलाकडचे येऊन मुलीच्या घराचं दार वाजवतात. विधीचं नावच 'दार वाजवणं'. मग आतून मुलीच्या रक्ताचा मोठा पुरुष उठतो, कशाला आलात विचारतो. त्याआधी घरातला कोला त्यानेच पुढे करायचा. कोला म्हणजे बाटलीतला नव्हे. सुपारीच्या जातकुळीतलं कडवट फळ असतं. कोला आणणारा आयुष्य आणतो, अशी त्यांची म्हण आहे. कोला झाल्याशिवाय लग्नाचा शब्दसुद्धा काढायचा नाही.

तो मोठा पुरुष म्हणजे तू आहेस. मला दुसरा भाऊ नाही, धनंजयला तर कुणीच नव्हतं. आठ वर्षांपूर्वी मुहैस्नाहच्या शवागाराबाहेर, धनंजयचा मृतदेह गावी न्यायचे कागद घेऊन आपण बाकावर बसलो होतो. तेव्हा तू माझा हात धरून म्हणालास, "कुंदे, आजपासून अस्मीचा बाप मी." मी मागितलं नव्हतं. तू आपणहून दिलेला शब्द आहे तो.

आणि ब्लॉक करण्याआधी घरच्या ग्रुपवर काय लिहिलंस? "ज्यांना कूळ नाही, मूळ नाही अशा नायजेरियन लोकांत मुलगी देणार का?" दादा, नायजेरियन ही जात नव्हे. तिथे शेकडो समाज आहेत आणि प्रत्येकाची भाषा निराळी. केने इग्बो आहे, आगुलेरी गावचा. त्यांचा मूळपुरुष एरी. देवाने त्याला आभाळातून खाली सोडलं, तर खाली सगळी दलदल. पाय टेकायला जागा नाही म्हणून बिचारा वारुळावर बसून राहिला आणि देवाकडे तक्रार केली. मग देवाने एक लोहार धाडला. त्याने भाता फुंकून फुंकून जमीन वाळवली, तेव्हा कुठे माणसं वस्तीला आली. आपल्या परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं, हे तू प्रत्येक लग्नात माइक हातात घेऊन सांगतोस. गोष्ट तीच आहे. फक्त त्यांनी राबणाऱ्या लोहाराची आठवण ठेवली.

आणि कुणाकडे बघून नाक मुरडतोस? तुझे जनरेटरचे सुटे भाग कुठे जातात? लागोसला आणि ओनिचालाच ना? गिऱ्हाइकाचा फोन आला की तुझा आवाज कसा लोण्यासारखा होतो, "हबीबी, माय ब्रदर, हाऊ इज फॅमिली?" गोदामात ब्रदर आणि घरात केळं. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात तो हाच.

माझ्या घरात मी आजवर कुणाला वेगळं वागवलं नाही आणि वागवणारही नाही. १८ ला ये. तासभर खुर्चीत बसायचं आहे आणि एक ताट पुढे करायचं आहे. एवढंच काम आहे.

कुंदा


अल कुसैस
सोमवार, २० जानेवारी

दादा,

तू आला नाहीस. जेवणाच्या टेबलाची हातवाली खुर्ची हॉलमध्ये मधोमध ठेवली होती, पाठीला नवी शाल घालून. सगळे दाटीवाटीने सोफ्यावर बसले, पण त्या खुर्चीवर कुणी बसेना. आता झालं काय ते ऐक, कारण तुझ्यावाचून माझी जी शोभा झाली ती तुला कळलीच पाहिजे.

केनेने सकाळी दुबईतल्या डेरा बाजारातून आठ कोला आणून दिले होते, ओल्या फडक्यात गुंडाळून. "आंटी, पाहुणे आले की ताटात ठेवून बाहेर द्यायचे," एवढंच म्हणाला आणि गेला. मी पाहिलं, तर तांबूस, गुळगुळीत, अगदी सुपारीचा थोरला भाऊ. आता मला सांग, आपल्याकडे लग्न ठरलं म्हणजे काय होतं? सुपारी फुटते. आणि पाहुण्यांपुढे अख्खी सुपारी कोण ठेवतं? आईचा पितळी अडकित्ता काढला आणि आठच्या आठ कातरून टाकले. खांडं ताटात रचली, बाजूला लवंग, वेलची, खडीसाखर, आणि ताटाला कुंकवाचं बोट. स्वतःवरच खूश होते मी.

पाहुणे आले. केनेचे न्वाफोर काका, त्यांची बायको, आणि त्यांच्या गावचे दोघं. काका सत्तरीचे, डोक्यावर लाल टोपी, जी त्यांच्यात मान मिळालेल्यांनाच घालता येते. डेऱ्यात वीस वर्षं मोबाइलचं दुकान, त्यामुळे हिंदी माझ्याहून बरी. मी ताट आणून पुढे ठेवलं. काकांचा पुढे आलेला हात मागे गेला.

"ये किसने काटा?" काकांनी विचारलं.

"मैंने."

"आपने? लेडीज ने? किचन में?"

अस्मीने कपाळाला हात लावला. "ओ माय गॉड. आई, धिस इज नॉट सुपारी!"

मग कळलं. कोला आधी अख्खा दाखवायचा, नात्याच्या क्रमाने हातोहात फिरवायचा, त्यावर प्रार्थना म्हणायची आणि मग पुरुषाने तो फोडायचा. त्याच्या किती पाकळ्या निघतात यावरून शकुन पाहायचा. बाईने कोला फोडायचा नाही. कोलाच्या झाडावरही बाईने चढायचं नाही. मी तर शकुनाचा पार भुगा करून, खडीसाखर घालून वाढला होता.

काका रागावले नाहीत. त्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "लड़की का मामा आने वाला था ना?"

दादा, मी खोटं बोलले. म्हटलं, "भाई की तबियत खराब है. एंजियोप्लास्टी हुई है, हॉस्पिटल में है." का बोलले? घरातलं उणं परक्यांना दिसू नये म्हणून. तुझी लाज मी राखली, आणि तीसुद्धा तुझ्या हृदयात काहीतरी बिघाड आहे असं सांगून. ते तरी खोटं नव्हतं म्हणायचं.

काकांनी एकदा अस्मीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "इन्शाल्ला ठीक होगा. तब हम फिर आएँगे. सात हफ्ते." मी घाबरले. केनेने समजावलं की त्यांचा आठवडा चार दिवसांचा, चार बाजारांचा. सात आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस, १५ फेब्रुवारी.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काकाजी, नवरा गेल्यावर ही मुलगी मी एकटीने वाढवली. पहाटे चारला उठून डबे मी केले. आमच्यात विधवेने ओटी भरायची नाही, तुमच्यात बाईने कोला फोडायचा नाही. दोन्हीकडचे पुरुष एकाच शाळेत शिकलेत का?" निम्मं हिंदीत, निम्मं मराठीत, तोंडाला येईल ते. अस्मी "आई, प्लीज, स्टॉप" करत होती. काका ऐकून घेत होते. त्यांची बायको मात्र पदर तोंडाला लावावा तसा रुमाल लावून हसत होती.

कोंबडी-वडे सगळ्यांनी पोटभर खाल्ले, वहिनीच्या हातच्यापेक्षा चांगले झाले होते. पण दार वाजलं नाही. लग्नाचा शब्द निघाला नाही. पाहुणे गेल्यावर अस्मी शालीची घडी घालत मला म्हणाली, "मामा प्रॉमिस्ड यू, आई. ही प्रॉमिस्ड."

१५ तारखेला तरी ये. तू आला नाहीस तर हे लग्न अडेल. केने काकांचा शब्द मोडणार नाही आणि अस्मी त्याला मोडायला लावणार नाही. दोन शहाणी मुलं तुझ्या नाकापायी लटकून राहतील.

कुंदा


अल कुसैस
रविवार, २ फेब्रुवारी

दादा,

काल सुलक्षणावहिनीचा फोन आला. म्हणजे पत्रं पोचतात. तुझा निरोप दिला, "कुंदाने आम्हाला शिकवू नये. तो मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा तिने काय केलं ते तिला विचार." सांगताना वहिनीचाही आवाज उतरला होता.

बरोबर आहे. पहिल्या पत्रात लिहिलं की मी कुणाला वेगळं वागवलं नाही, ते खोटं. केने पहिल्यांदा आला तेव्हा सगळ्यांना स्टीलच्या फुलपात्रात पाणी दिलं आणि त्याला कागदी कपात. चुकून नव्हे, मुद्दाम. आणि नंतर तुला फोन करून सांगितलंही, तेव्हा तू "शाबास" म्हणालास. अस्मीच्या ते लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. जाताना त्याने कप कचऱ्यात टाकला नाही, झटकून खिशात ठेवला. मी विचारलं, हे काय? तर हसून म्हणतो, "आय विल ब्रिंग इट नेक्स्ट टाइम, आंटी. नो नीड टु वेस्ट अनदर वन."

आणि खरंच घेऊन आला. पुढच्या शुक्रवारी, तोच कप, खिशातून. मी तो त्याच्या हातातून हिसकावून घेतला आणि धनंजयचं फुलपात्र काढून दिलं. मला इतकी लाज वाटली की मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडी घासत बसले. तेव्हापासून तेच फुलपात्र त्याचं आहे.

तेव्हा मी सोवळी आहे असं समजू नकोस. पण माझी चूक मला बोचली आणि मी ती धुतली. तू तुझी मिरवतोस. आणि माझी झाकलेली चूक माझ्यावरच फेकून मारतोस. चोराच्या उलट्या बोंबा.

अजून तेरा दिवस आहेत.

कुंदा


अल कुसैस
रविवार, १६ फेब्रुवारी

दादा,

हे शेवटचं पत्र. सोबत एक छोटी डबी आहे, ती आत्ताच उघडू नकोस. आधी वाच.

काल पाचला ते आले. तीच लाल टोपी, तीच माणसं. हातवाली खुर्ची पुन्हा मधोमध ठेवली होती, कारण साडेचारपर्यंत मी गॅलरीतून तुझी गाडी शोधत होते. तेही लिहायची आता लाज वाटते.

काका बसले. मी अख्खे कोला ताटात घेऊन उभी. त्यांनी ताटाकडे पाहिलंच नाही. विचारलं, "ब्रदर कैसा है? हॉस्पिटल से आ गया?"

पुन्हा तेच खोटं जिभेवर आलं होतं. समोर अस्मी बसली होती, हात मांडीवर घट्ट आवळून. मला एकदम सगळ्याचा वीट आला. मी म्हटलं, "हॉस्पिटल में नहीं है. बिलकुल ठीक है. शारजा में है, पाऊण घंटा दूर. वो नहीं आएगा. उसको तुम्हारी शरम आती है. और शायद मेरी भी."

काकांनी मान हलवली, जणू इतका वेळ याचीच वाट बघत होते. म्हणाले, "अब कोला इधर लाओ."

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्यात दार वाजवायच्या आधी मुलीच्या घराची गुपचूप चौकशी करतात. घरात चोर आहे का, वेड आहे का, भांडणं आहेत का. आपण कूळ विचारत बसलो, आणि ते आपलंच कूळ तपासत होते! डिसेंबरात तुझ्याकडे चुक्स नावाचं गिऱ्हाईक आलं होतं, आठवतं? उंच, चष्मेवाला. तू त्याला चहा पाजलास, खजूर खाऊ घातलेस. त्याने सहज विचारलं, कुसैसला तुमची बहीण असते ना, डबे करते, तिचं घर कसं आहे? आणि तू म्हणालास, "नो, माय ब्रदर. आय हॅव नो सिस्टर."

एकाच वाक्यात, दादा. तो ब्रदर, आणि मी नाहीच.

म्हणजे जानेवारीत मी तुझ्या अँजिओप्लास्टीचं सांगत होते, तेव्हा काकांना सगळं ठाऊक होतं. म्हणाले, "उस दिन मैं कैंची की वजह से उठके नहीं गया." अडकित्त्याला ते कैंची म्हणतात. "कटा हुआ कोला दूसरा आ जाता है. लेकिन झूठ के ऊपर हम कोला नहीं तोड़ते." खोटं मी बोलले होते, पण ते मला बोलायला लावलं तू.

मी रडले नाही. संतापाने कान तापले होते, पण पाहुणे समोर होते. मी विचारलं, "तो अब पुरुष कहाँ से लाऊँ?" काकांची बायको पहिल्यांदाच बोलली, नवऱ्याकडे बोट दाखवून: ज्या घरात पुरुष उरत नाही तिथे आमच्याकडेही लेकीला बापाच्या जागी बसवतात, पण हे लोक ते पाहुण्यांना सांगत नाहीत. काका खाकरले. मग मला म्हणाले, "बैठो." तुझ्या खुर्चीवर. मी शाल बाजूला केली आणि बसले. चांगली रुंद आहे खुर्ची.

फोडला मात्र काकांनीच. त्याबद्दल मी अजून चिडलेली आहे आणि तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. पण त्याआधी ताट माझ्या हातात देऊन म्हणाले, घरातर्फे तुम्ही बोला. मला वाटलं इंग्रजीत बोलायचं. मी अस्मीकडे पाहिलं, ती म्हणाली, "आय विल ट्रान्सलेट." काका जोरात म्हणाले, "नो, नो! कोला को इंग्रजी नहीं आती. आपकी माँ जो भाषा बोलती थी, वो बोलो."

मग मी मराठीत बोलले. म्हटलं, देवा, ही माझी एकुलती एक आहे. तर सगळे एका सुरात म्हणाले, "ईसे!" म्हणजे तथास्तु. मी म्हटलं, हिचा बाप असता तर आज फार खूश झाला असता. "ईसे!" या मुलाला कुणी कधी कागदी कपात पाणी देऊ नये. "ईसे!" केने तेवढा हसला, 'कप' शब्द त्याला कळला. मग माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, आणि माझ्या त्या गाढव भावाचं नाक देवा एकदा चांगलं ठेच. "ईसे!" सगळे मनापासून म्हणाले. काका तर सर्वांत मोठ्याने.

कोला फुटला. चार पाकळ्या निघाल्या. चार बाजार, चार दिशा, फार उत्तम शकुन. मग ते सगळे बाहेर गेले, दार लोटलं, आणि वाजवलं. मी आतून विचारलं, "कोण? कशाला आलात?" माझा आवाज असा आला की अस्मी दचकली. लग्न एप्रिलमध्ये आहे. तुला पत्रिका येणार नाही. पत्रिका नातेवाइकांना घालतात.

आता डबी उघड.

आत एक अख्खा कोला आहे. तो मी पाठवत नाहीये. माझं चाललं असतं तर तुला सालसुद्धा मिळालं नसतं. काकांनी उठताना ताटातला एक उचलून माझ्या हातात दिला, "ये तुम्हारे भाई का." त्यांच्यात पद्धत आहे, नात्यातला जो बैठकीला नव्हता त्याच्यासाठी कोला घरी न्यायचा. मी म्हटलं, त्याने तर मला बहीणच नाही असं सांगितलं. काका म्हणाले, म्हणूनच पाठवा. घरी पोचलेला कोला स्वतः सांगतो, मी कुठून आलो.

तेव्हा ठेव समोर टेबलावर. तुला बहीण नाही ना? मग तुला हा कुणी पाठवला ते त्यालाच विचार.

मराठीत विचार. इंग्रजी त्याला कळत नाही.

कुंदा